शेवंतीच्या शिक्क्याची कारबाइन



जुन्या वस्तूंचा संग्रह म्हटला म्हणजे आपल्या मनापुढें नाणीं येतात, टपालाचीं तिकिटें येतात. पुण्यास राजा केळकर संग्रहालय पाहून आलेल्यांना अडकित्ते आणि दिवे आठवतात. बंदुकांचा संग्रह करणारा गृहस्थ मात्र आपल्याकडे विरळा, आणि तसा कोणी भेटलाच तर शेजारीपाजारी त्याच्याकडे जरा दचकूनच पाहतात. मी स्वतः आयुष्यभर शाळामास्तर. छडीपलीकडे दुसरें शस्त्र माझ्या हातीं कधीं आलें नाहीं, आणि छडीहि नोकरीच्या उत्तरार्धांत कायद्यानें काढून घेतली. असें असतां जपानी लष्कराच्या एका जुन्या आंखूड बंदुकीविषयीं मी आज बोलणार आहें, याचें आपणांस नवल वाटेल. त्याला कारण माझा भाचा. तो अमेरिकेंत ओहायो संस्थानांत नोकरीनिमित्त राहतो, आणि त्याला या बंदुकांचा नाद आहे. त्याच्याकडे मीं तीन महिने मुक्काम केला, त्या अवधींत जें पाहिलें, ऐकलें आणि मागाहून वाचून ताडून पाहिलें, तें आपणांपुढें ठेवतों.

प्रथम कारबाइन म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. पायदळाच्या शिपायाची रायफल लांब असते; घोड्यावर बसणाऱ्यास, तोफेबरोबर चालणाऱ्यास, पूल बांधणाऱ्यास आणि सामान वाहणाऱ्यास ती अडचणीची होते. त्यांच्यासाठीं त्याच रायफलीची नळी आंखूड करून जी बंदूक बनवितात ती कारबाइन. जपानची रायफल तर विशेषच लांब. १९०५ सालीं मुक्रर झालेली त्यांची पायदळी रायफल १२७६ मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार फूट दोन इंच भरते. तिच्यावर संगीन चढविली कीं साडेपांच फूट उंची होई, आणि ती धरणारा शिपाई पुष्कळदां तिच्याहून ठेंगणा असे. त्याच नमुन्याची कारबाइन अवघी ९६६ मिलिमीटर, म्हणजे सवातीन फुटांच्या आंत. नळी तर दीड फुटाहून थोडीच अधिक.

या बंदुकीस जपानी भाषेंत 'अडतिसाव्या सालचा नमुना' असें नांव आहे. हें अडतिसावें साल ख्रिस्ती सनाचें नव्हे, तर मेइजी बादशहाच्या कारकीर्दीचें. ती कारकीर्द १८६८ पासून मोजतात, तेव्हां अडतिसावें वर्ष १९०५ येतें. आपल्या राज्याभिषेक शकासारखाच हा हिशेब. पुढें १९३९ सालीं निघालेल्या ७.७ मिलिमीटरच्या रायफलीस मात्र 'नव्याण्णव' हा आंकडा मिळाला, कारण मध्यंतरीं जपाननें आपला पौराणिक संवत् धरला होता, आणि त्याचें तें २५९९ वें वर्ष होतें. ही खुबी ठाऊक नसली कीं नवशिका संग्राहक नव्याण्णवचा नमुना अडतिसाहून साठ-एकसष्ट वर्षांनीं नवा समजून बसतो. माझ्या इतिहासाच्या तासाला शकांतून सन काढतांना मुलांची जी त्रेधा उडे, तीच ही.

जगांत या साऱ्या बंदुका 'आरिसाका' या नांवानें ओळखल्या जातात. कर्नल आरिसाका नारिआकिरा यांनीं १८९७ सालीं त्यांचा मूळ नमुना सिद्ध केला आणि १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धांत तोच वापरला गेला. ज्या युद्धाच्या निकालानें हिंदुस्थानांतील सुशिक्षितांच्या माना ताठ झाल्या, तेंच हें युद्ध. परंतु मांचूरियाच्या मैदानांतील बारीक धूळ बंदुकीच्या यंत्रांत शिरून तें अडखळूं लागलें. तेव्हां नांबू किजिरो या लष्करी अधिकाऱ्यानें तें यंत्र सुधारून अधिक सोपें केलें. म्हणजे नांव आरिसाकांचें राहिलें आणि १९०५ च्या नमुन्यावर हात फिरला तो नांबूंचा.

त्या यंत्राची रचना मोठी चतुर आहे. दाराची सरकती कडी जशी पुढें ढकलून खालीं वळवितां येते, तसा एक पोलादी दांडा बंदुकीच्या पाठींत बसविलेला असतो. त्यास बोल्ट म्हणतात. तो मागें ओढला कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें, पुढें ढकलला कीं पोटांतलें नवें काडतूस नळींत जातें, आणि मूठ खालीं वळविली कीं दार बंद. तत्त्व जर्मन मौझरचें. पण जपान्यांनीं त्यांतलें पुष्कळ अडगळ काढून टाकलें. बोल्टाचे एकंदर भाग सहाच, आणि ते सुटे करण्यास कसलेंहि हत्यार लागत नाहीं. टोल्याचा खिळा आंतून पोकळ असून स्प्रिंग त्याच्या पोटांत लपलेली. मागच्या टोंकास एक वाटोळी टोपी असते. ती तळहातानें दाबून किंचित् वळविली कीं बंदूक कुलुपांत गेली. गारठलेल्या, हातमोजे घातलेल्या हातानेंहि हें करतां येतें. पोटांत पांच काडतुसें मावतात, आणि तीं संपलीं कीं बोल्ट आपोआप अडून शिपायास तशी सूचना मिळते. धुळीच्या त्या जुन्या अनुभवावरून बोल्टावर पत्र्याचें एक सरकतें झांकण बसविलें. तें बोल्टाबरोबर मागेंपुढें होतें आणि होतांना चांगलाच खडखडाट करतें. रात्रीच्या गस्तीवर हा आवाज जिवावर बेतणारा, म्हणून कित्येक शिपायांनीं तें काढून फेंकून दिलें. आज ज्या बंदुकीचें मूळचें झांकण शाबूत, तिला संग्राहक मान देतात. फेंकणाऱ्याला बिचाऱ्याला याची काय कल्पना!

याच्या मजबुतीविषयीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. युद्धानंतर अमेरिकेंत असा एक सार्वत्रिक समज होता कीं, जपानी माल म्हणजे ठिसूळ. पी. ओ. अॅक्ली या नांवाजलेल्या बंदूककारानें निरनिराळ्या देशांच्या लष्करी रायफली मुद्दाम अधिकाधिक दारू भरून फुटेपर्यंत उडविल्या. त्यांत सर्वांहून अधिक टिकली ती आरिसाकाच. ज्यास आपण हिणवितों त्याचें पोलाद एकदां तपासून पाहावें, असें त्या वेळीं पुष्कळांस वाटलें असेल.

मेइजीच्या चवेचाळिसाव्या वर्षीं, म्हणजे १९११ सालीं, घोडदळासाठीं आणखी एक कारबाइन निघाली. तिची संगीन सुटी नसून नळीखालीं दुमडून ठेवलेली असते, चाकूचें पातें मुठींत मिटतें तशी. संगीन कायमची अडकविल्यानें वजन वाढलें, आणि तिच्या बैठकीचा ताण नळीवर येऊं लागल्यानें ती बैठक पुढें दोनदां बदलावी लागली. या तीन घडणी ओळखणें हा संग्राहकांचा आवडता खेळ आहे. मला स्वतःला साधी अडतिसाचीच अधिक आवडली. तिच्यांत नको तें कांहींच नाहीं.

आतां शेवंतीकडे वळतों. नळी जेथें यंत्रांत बसते तेथें वरच्या बाजूस सोळा पाकळ्यांचें शेवंतीचें फूल कोरलेलें असे. तें बादशहाच्या घराण्याचें चिन्ह. म्हणजे बंदूक शिपायाची नव्हे, बादशहाची. शिपायाकडे ती केवळ सोंपविलेली. १९४५ च्या ऑगस्टांत जपान शरण गेल्यावर लक्षावधि बंदुका विजेत्यांच्या स्वाधीन करावयाच्या होत्या. त्या वेळीं बहुतेकांवरचें फूल कानशीनें किंवा छिन्नीनें खरवडून टाकण्यांत आलें. बादशहाचें चिन्ह शत्रूच्या हातीं जाऊं नये हा त्यांतला भाव. यामुळें सर्वसाधारण खूण अशी झाली कीं, फूल शाबूत असेल तर बंदूक युद्ध चालूं असतां हस्तगत झाली. फूल घांसलेलें असेल तर ती शरणागतीनंतर कोठारांतून मिळाली. या नियमास अपवाद आहेत. जपानांतील शाळांना कवाइतीसाठीं दिलेल्या जुन्या बंदुकांवरहि फूल रद्द केल्याची खूण करीत. तरी पण नियम म्हणून तो खरा.

माझ्या भाच्याकडची कारबाइन त्याच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याकडून आली. हे गृहस्थ ऐंशीच्या घरांतले. त्यांचे वडील अमेरिकन पायदळांत होते, आणि १९४५ सालीं फिलिपाइन्समधील लुझोन बेटावरच्या लढाईंत शत्रूच्या शिपायास मारून त्यांनीं ही बंदूक आणली, अशी कथा त्या घरांत पिढीभर सांगितली जात होती. कारबाइन देतांना वृद्धांनीं एकच अट घातली : ही हकीकत कागदावर लिहून बंदुकीजवळ कायम ठेवावी, आणि पुढेंमागें ती गांवच्या संग्रहालयांत गेली तर हाच कागद तिच्याशेजारीं लागावा. भाच्यानें आनंदानें कबूल केलें. घरीं आणून दिव्याखालीं पाहतो तों फूल घांसलेलें! कानशीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

"मामा, आतां काय लिहूं?" त्यानें मला विचारलें. "म्हाताऱ्याला सांगावें तर त्याच्या बापाच्या पराक्रमावर पाणी पडतें, न सांगावें तर संग्रहालयांत खोटा कागद लागतो."

मी म्हटलें, "अरे, अजून आपल्याला कांहीं ठाऊक झालेलें नाहीं. आधीं एवढेंच विचार, कीं लढाई संपल्यावर वडील कोठें होते."

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे गेलों. वृद्धांनीं हातांतलें काम टाकून उत्साहानें एक जुना फोटो आणून दाखविला : त्यांचे वडील आणि दोन सोबती योकोहामाच्या बंदरावर उभे. शरणागतीनंतर त्यांची पलटण जपानांत कांहीं महिने होती, हें त्यांनींच सांगितलें. मग भाच्यानें आपला कागद त्यांच्यापुढें ठेवला. त्यावर दोन ओळी होत्या. पहिलींत घराण्याची कथा, 'घरच्यांच्या सांगण्याप्रमाणें' असा स्पष्ट निर्देश करून. दुसरींत : फूल घांसलेलें आहे, यावरून ही बंदूक ऑगस्ट १९४५ नंतर जपानांत मिळाली असण्याचा संभव अधिक. वृद्धांनीं तो कागद दोनदां वाचला, चष्मा काढला, आणि पुष्कळ वेळानें म्हणाले, "म्हणजे हिच्या धन्याला माझ्या वडिलांनीं मारलें नसेल कदाचित्." त्यांचा आवाज दुःखाचा नव्हता. लहानपणापासून त्या बंदुकीकडे पाहतांना आपल्या मनांत तो अनोळखी जपानी येत असे, असें ते पुढें म्हणाले. कागद आहे तसाच राहूं द्या, असें सांगून त्यांनीं आम्हांस चहा दिला.

फुलाशिवाय आणखी खुणा असतात, आणि त्या वाचणें म्हणजे मोडी वाचण्याइतकेंच चिकाटीचें काम. यंत्राच्या डाव्या अंगास अनुक्रमांक आणि कारखान्याचें चिन्ह. एकावर एक रचलेले तोफगोळे दिसले तर बंदूक तोकियोच्या कोइशिकावा शस्त्रागारांतली किंवा कोकुरा येथील. कोइशिकावाचें शस्त्रागार १९२३ च्या भूकंपांत उद्ध्वस्त झालें आणि तेथील काम पुढें कोकुऱ्यास हलविलें. चिन्ह मात्र तेंच राहिलें. जुन्या जागेवर १९३७ सालीं बेसबॉलचें क्रीडांगण झालें. कोकुऱ्याची कथा अधिक भयंकर आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं दुसरा अणुबॉम्ब मुळांत याच शस्त्रागारावर टाकावयाचा होता. आकाश धुरानें व ढगांनीं झांकलेलें असल्यामुळें विमानास लक्ष्य दिसेना; तें नागासाकीकडे वळलें. तोफगोळ्यांच्या त्या इवल्या चिन्हावर बोट ठेवलें असतां हें आठवल्यावांचून राहत नाहीं.

१९३० नंतरच्या बंदुकांवर अनुक्रमांकाच्या आधीं एका वर्तुळांत जपानी अक्षर असतें. अंक फार मोठे होऊं नयेत म्हणून हे गट पाडले. या अक्षरांचा क्रम आपल्या क-ख-ग सारखा नाहीं; एका प्राचीन कवितेंत प्रत्येक अक्षर एकेकदांच येतें, तिच्या क्रमानें तीं लाविलेलीं. शस्त्रागारानें आपल्या मालाचे गट पाडावेत ते कवितेच्या आधारानें, ही गोष्ट मला या साऱ्या अभ्यासांत फार गमतीची वाटली.

येथें एखाद्या श्रोत्याच्या मनांत येईल कीं, ज्यांच्याशीं आपल्या माणसांनीं झुंज दिली त्यांचें शस्त्र असें कवटाळून बसावें काय? प्रश्न रास्त आहे. १९४४ च्या मार्चांत मणिपुरांत सांगशाक येथें ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडनें जपानी फौज २२ ते २६ तारखेपर्यंत अडवून धरली. त्या ब्रिगेडींत एका गुरखा आणि एका हिंदी पॅराशूट पलटणीबरोबर पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. पाण्याचा तुटवडा, खडकांत खंदकहि खोल खणतां येईना, आणि समोर आरिसाका घेतलेलें जपानी पायदळ. त्या चार दिवसांच्या विलंबानें कोहिमा व इंफाळच्या बचावास अवधि मिळाला. सांगशाकला पडलेल्या मराठ्यांचीं नांवें आपल्या शाळापुस्तकांत कोठें आहेत? मला तीं शिकवावयास मिळालीं नाहींत. मराठी माणसानें ही बंदूक ओळखावी याला माझ्या मतें एवढें कारण पुरेसें आहे. इंफाळजवळ २०१९ सालीं जपानच्या साहाय्यानें शांति-संग्रहालय उघडलें आहे. तिकडे जाणाऱ्यांनीं तें अवश्य पाहावें.

संग्रहाविषयीं एक ताकीद सर्वांत आधीं. जुन्या बंदुकीला पॉलिश करूं नये. कुंद्याच्या लांकडावर जपान्यांनीं 'उरुशी' नांवाच्या झाडाच्या चिकाचा लेप दिलेला असतो. हौशी माणूस तो कांचकागदानें घांसून वर चकचकीत वार्निश चढवितो, आणि शंभर वर्षांचा पुरावा एका दुपारीं नाहींसा होतो. कुंद्याच्या खालच्या भागांत लांबलचक सांधा दिसतो, तो तडा समजून कित्येकांनीं त्यांत सरस भरल्याचें मीं ऐकलें. वास्तविक तो मूळचाच. दोन तुकडे खांचेंत बसवून कुंदा केला कीं लहान लांकडांतूनहि काम भागतें. लांकूड वाया जात नाहीं, आणि आडव्या रेषेचें बळहि येतें. कोंकणांतल्या कोणत्याहि जुन्या सुतारास हें चटकन् कळलें असतें.

आतां ती उडविण्याविषयीं. इथें मात्र ऐकीव ज्ञानावर भरंवसा ठेवूं नये, कारण चूक झाली तर डोळा जातो. जपाननें शाळांतील कवाइतीसाठीं हुबेहूब अशाच दिसणाऱ्या पण ओतीव, कच्च्या धातूच्या बंदुका बनविल्या होत्या. त्यांत फक्त आवाजाचीं फुसकीं काडतुसें उडवावयाचीं असत. अशी बंदूक खरी समजून कोणी तिच्यांत गोळीचें काडतूस घातलें तर ती हातांत फुटते. तिची सोपी ओळख अशी कीं, नळींत आंतून पीळ नसतात. ती पाइपासारखी गुळगुळीत असते. दुसरा धोका असा : युद्धानंतर जपानी काडतुसें अमेरिकेंत मिळेनात, तेव्हां पुष्कळांनीं नळीचें काडतूस-घर कोरून मोठें करून घेतलें आणि दुसऱ्याच मापाचीं काडतुसें वापरलीं. बाहेरून कांहींच फरक दिसत नाहीं. म्हणून जाणता कारागीर काडतूस-घरांत मंद आंचेवर वितळणारा धातु ओतून त्याचा ठसा काढतो व मापतो. भाच्यानें तसा ठसा काढवून घेतल्याशिवाय एकहि गोळी उडविली नाहीं. युद्धाच्या शेवटच्या काळांत घाईघाईनें झालेला, ओबडधोबड नव्याण्णवचा माल मिळाला तर तो भिंतीवर टांगावा हेंच बरें, असें त्याचें मत; मलाहि तें पटलें.

काडतूस साडेसहा मिलिमीटरचें. तें आजहि स्वीडनची नॉर्मा कंपनी बनविते. गोळी नऊ ग्रॅमची, लांब रायफलींतून सेकंदाला साडेसातशें मीटरांहून थोड्या अधिक वेगानें सुटणारी. कारबाइनमधून वेग कांहींसा कमी. दारू थोडी असल्यामुळें खांद्यास धक्का सौम्य बसतो. त्याच सौम्यपणामुळें रशियन शास्त्रज्ञ फ्योदोरोव यानें १९१६ सालीं आपल्या स्वयंचलित रायफलीसाठीं हेंच जपानी काडतूस पत्करलें.

चांदमारीच्या मैदानावर मी केवळ प्रेक्षक होतों. परदेशांतून पाहुणा म्हणून आलेल्या माणसास, शिकारीचा परवाना नसेल तर, बंदूक हातीं घेण्याची तेथें कायद्यानें मनाई आहे. बंदुका मुबलक असलेल्या देशांत हा नियम ऐकून मी चकित झालों. इतर देशांत तर नियम याहून कडक. खुद्द जपानांत १९५८ च्या कायद्यान्वयें, दहा वर्षें छऱ्याची बंदूक निर्दोषपणें बाळगल्यावांचून सामान्य नागरिकास रायफलीचा परवाना मिळत नाहीं. म्हणजे जपानी कारबाइन बाळगणें जपानी माणसासच सर्वांत अवघड. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र-कायदा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें परवाना असलेल्यासहि दोनांहून अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत. कोणाच्या वाड्याच्या माळ्यावर लष्करांतून परतलेल्या आजोबांची अशी कांहीं वस्तु निघाली, तर ती लपवूं नये आणि चाप ओढूनहि पाहूं नये; तडक पोलीस ठाण्यास कळवावें.

भाच्यानें कानांवर टोप्या चढविल्या, मलाहि दिल्या. पांच काडतुसांची पट्टी वरून अंगठ्यानें दाबून आंत भरली. बोल्ट पुढें नेतांना शेवटीं जोर लागतो, कारण याच्या टोल्याची स्प्रिंग बोल्ट बंद करतांना ताणली जाते. त्याचें झांकण नाहीं, म्हणून खडखडाट नव्हता. आवाज मोठा, पण कर्कश नव्हे. शंभर मीटरांवरच्या कागदावर पहिली गोळी केंद्राच्या बरीच वर लागली. त्यांत नेमबाजाचा दोष नाहीं. लष्करी माशी याहून पुष्कळ लांबच्या अंतरासाठीं बसविलेली असते, म्हणून जवळच्या निशाणावर खालीं धरावें लागतें. त्यानें तसें धरलें, आणि पुढच्या चार गोळ्या तळहाताच्या आंत आल्या. शंभरी ओलांडलेल्या बंदुकीनें हें करावें, याचें मला कौतुक वाटलें. रिकामीं काडतुसें त्यानें गवतांतून एकेक वेंचून घेतलीं. तीं पुन्हां भरतां येतात.

घरीं आल्यावर सफाईस गोळीबाराहून तिप्पट वेळ लागला. नळींतून चिंध्यांचे बोळे फिरविले, पहिला काळाकुट्ट, दहावा स्वच्छ. मग तेलाचा पुसट हात. जुनीं लष्करी काडतुसें उडविलीं असतां आधीं गरम पाणी ओतावें लागतें, कारण त्यांच्या टोपींतील क्षार पाण्यांतच विरघळतो, तेलांत नाहीं. तो राहिला तर एका रात्रींत नळीला गंज धरतो. नंतर कागदावर भाच्यानें तारीख घातली, 'पांच गोळ्या, नवीं काडतुसें, सर्व ठीक' एवढें लिहिलें, आणि कारबाइन कपाटांत ठेवून किल्ली खिशांत टाकली.